सही माझी, कागद कोरा

सकाळी ६.००

गुन्ह्यांवर लिहिणाऱ्यानं पेपर मागून वाचावा. पहिल्या पानावर जो खून येतो, त्यावर लिहायला मुंबईपासून नागपूरपर्यंत माणसं बसलेली असतात. माझं पोट आतल्या पानावर आहे. तालुक्याच्या बातम्यांत, बियाण्यांच्या जाहिरातीखाली, एका कॉलमात मावलेल्या चार ओळींवर. अमरावतीचं 'हिंदुस्थान', अकोल्याचं 'देशोन्नती' आणि मोठ्या दैनिकांच्या इकडच्या आवृत्त्या असा गठ्ठा दारात पडतो आणि चहा उकळेपर्यंत माझी कात्री चालते.

या चार ओळींची भाषा ठरलेली असते. वार सपासप होतात, मृतदेह रक्ताच्या थारोळ्यात सापडतो, परिसरात खळबळ उडते. बातमीदाराला दोष देण्यात अर्थ नाही. पान सुटायच्या आधी फोनवर मिळेल तेवढ्यावर त्याला भागवायचं असतं. पण त्याच घटनेचा पंचनामा पुढे कधी हाती आला की तिथे थारोळं नसतं. प्रेत दक्षिणोत्तर, डोके उत्तरेस, उजवा हात पोटाखाली, पायात एकच चप्पल. दुसरी चप्पल कुठे पडली होती, ते अंतर मोजून लिहिलेलं असतं. थारोळ्यातल्या माणसाची कीव येऊन आपण पान उलटतो. एका चपलेच्या माणसाबद्दल मात्र प्रश्न पडतात. तो पळाला का? घराकडे पळाला की घरापासून दूर? माझं काम त्या दुसऱ्या चपलेपाशी सुरू होतं.

सकाळी ७.३०

कात्रणं वहीत गेली की पोलिसांच्या पोर्टलवर एफआयआर वाचायचे. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली आदेश दिला की, एफआयआर नोंदल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा; लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं तेवढी वगळायची. त्याआधी ठाण्यात जाऊन जमादाराशी हवापाण्याच्या गप्पा माराव्या लागत.

एफआयआरमध्ये मी आधी दोन रकाने पाहतो. घटना किती वाजता घडली आणि फिर्याद किती वाजता लिहिली गेली. मधल्या प्रत्येक तासाचा हिशेब बचावाचा वकील काही वर्षांनी मागणार असतो. "गावात गाडी नव्हती" हे कारण खरं असलं, तरी ते त्याच दिवशी कागदावर आलेलं असावं लागतं. मग मजकूर. फिर्यादी बाई वऱ्हाडीत रडत सांगते, "माह्यावरच कुऱ्हाड उगारली त्यानं." कागदावर उतरतं, "सदर इसमाने माझे दिशेने कुऱ्हाड उगारली." हे 'सदर' आणि 'इसम' खरवडून आतली बाई शोधायची.

त्यानंतर ओळखीच्या ठाणे अंमलदारांना फोन. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाचं कलम ३०२चं १०३ झालं. पण त्याआधी घडलेले गुन्हे जुन्याच कलमांनी चालतात, म्हणून सध्या ठाण्यात, कोर्टात आणि चहाच्या टपरीवर दोन्ही आकडे एकाच वेळी नांदतात.

"काय साहेब, रात्री काही १०३?"

"नाई भाऊ. एक मर्ग हाय. इर्विनले आनला हाय."

सकाळी ९.१५

अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाला गाव अजून इर्विनच म्हणतं. शवविच्छेदनगृहाबाहेर सकाळी गर्दी असते, त्यालाही कारण आहे. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करायला केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२१मध्ये मुभा दिली, पण खून, आत्महत्या आणि संशयास्पद मृत्यू साधारणपणे त्यातून वगळले. त्यामुळे असं प्रेत रात्री आलं, तर सकाळ उजाडेपर्यंत थांबतं आणि त्याच्यासोबत नातेवाईकही.

आजचा माणूस शेतकरी. "औषध घेतलं," एवढंच भाऊ सांगतो. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. हवालदार इन्क्वेस्ट पंचनामा लिहितो आहे. आत डॉक्टर व्हिसेरा काढून मिठाच्या संपृक्त द्रावणात बरणीबंद करतील, लाखेचं सील लागेल आणि बरणी प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत जाईल. ही प्रयोगशाळा अमरावतीतच आहे, तरी अहवाल यायला वेळ लागतो.

मी इथे का येतो, असं मला विचारतात. हा गुन्हा नाही, इथे आरोपी नाही, वाचकाला ओढून नेणारं रहस्यही नाही. पण वऱ्हाडात राहून अनैसर्गिक मृत्यूवर लिहायचं आणि ही रांग वगळायची, तर मग वऱ्हाडावर लिहूच नये. शिवाय या मर्गच्या, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या, कागदांत कधीकधी गुन्हा दडलेला असतो. २००६च्या शासन निर्णयानुसार आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाखाची मदत ठरली, ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. पण त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं आणि कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. ज्यानं कोऱ्या स्टॅम्पवर सही घेऊन पैसे दिले, त्याचं कर्ज कागदावर नसतंच. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४चा. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण तक्रार करायची कुणी आणि पुरावा काय? म्हणून मी भावाला एकच विचारतो, "घेनंदेनं कोनाकोनाचं होतं?" तो आधी बँकेचं नाव सांगतो. थोडं थांबून म्हणतो, "बाकीचं मंग सांगतो." फोन नंबर दिला-घेतला. तिथे वही उघडली नाही.

सकाळी ११.००

अकोल्याची एसटी. दोन-अडीच तासांचा रस्ता, मध्ये मूर्तिजापूर. याच महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात जून २०२२मध्ये ७५ किलोमीटर एकेरी डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. ज्या खटल्याच्या कामासाठी मी अकोल्याला चाललो आहे, त्यातली पहिली साक्ष व्हायलाच काही वर्षं लागली होती.

पिशवीत फिलिप मेडोज टेलरचं पुस्तक आहे. आमच्या धंद्याचा हा मूळपुरुष म्हणता येईल आणि तो वऱ्हाडात नोकरी करून गेला आहे, हे इकडे फार जणांना ठाऊक नसतं. निझामाच्या नोकरीत असताना त्यानं ठगांचा तपास केला, माफीच्या साक्षीदार झालेल्या ठगांचे जबाब ऐकले आणि १८३९ साली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' प्रसिद्ध केलं. अमीर अली नावाचा ठग आपली कहाणी स्वतः सांगतो, अशी त्याची रचना. नाव काल्पनिक, मालमसाला खऱ्या जबाबांचा. इंग्लंडात पुस्तक गाजलं. पुढे १८५७च्या धामधुमीत टेलरला बुलढाण्याला डेप्युटी कमिश्नर म्हणून धाडलं गेलं आणि हाताशी फौज नसताना त्यानं तो भाग शांत ठेवला.

टेलरची हातोटी मान्य करूनही एक गोष्ट खटकते. अमीर अलीचा घोडा, त्याचा रुबाब, त्याचं गोड बोलणं वाचकाच्या लक्षात राहतं. रुमालानं गळा आवळलेले प्रवासी मात्र एकामागून एक येतात आणि खड्ड्यात जातात. मारणारा बोलका असतो, मेलेला बोलू शकत नाही. त्यामुळे लेखणी आपोआप मारणाऱ्याकडे झुकते. जवळपास दोनशे वर्षं होत आली, तरी या प्रकारच्या लेखनाला ही खोड सुटलेली नाही. बसस्टँडवरच्या स्टॉलवर टांगलेल्या गुन्हेसाप्ताहिकांची मुखपृष्ठं पाहावीत.

दुपारी १.४५

अकोल्याचं जिल्हा व सत्र न्यायालय. खटल्याशी नातं नसलेल्या माणसाला निकालाची नक्कल हवी असेल, तर अर्जात कारण लिहावं लागतं, परवानगी लागते, स्टॅम्प लागतो. निकाल ई-कोर्टच्या संकेतस्थळावरही येतात. खटल्याचा १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक टाकला की तारखांचा सगळा इतिहास उलगडतो. पण साक्षीदारांचे जबाब, पंचनामे, नकाशे यांच्यासाठी नक्कल विभागाची खिडकीच गाठावी लागते. आज कागद तयार आहेत.

खटला धुऱ्याचा. वऱ्हाडात दोन शेतांमधला बांध म्हणजे धुरा आणि त्या हातभर मातीपायी जेवढी डोकी फुटली असतील, तेवढी दुसऱ्या कशापायी क्वचितच. महामार्गालगतचं एक गाव, शेजारी-शेजारी दोन शेतं, वखरता वखरता दरवर्षी इंचाइंचानं सरकणारा धुरा. एका सकाळी एक तरुण न्याहारी घेऊन शेतात गेला आणि परतला नाही. तीन आरोपी. निकाल : सर्व निर्दोष.

शिक्षेच्या निकालापेक्षा सुटकेचा निकाल मी जास्त मन लावून वाचतो. शिक्षेच्या निकालात गोष्ट एकसंध दिसते. सुटकेच्या निकालात ती कुठेकुठे उसवली, ते परिच्छेद क्रमांकासह लिहिलेलं असतं. इथे हेतू सिद्ध झाला. भूमी अभिलेखच्या मोजणीचा नकाशा आणि जुन्या तक्रारी होत्या. मृत्यू खुनाचाच, हे डॉक्टरांच्या साक्षीनं सिद्ध झालं. अडलं ते कुऱ्हाडीपाशी.

आरोपी पोलिसांपुढे काहीही कबूल करो, तो पुरावा होत नाही. पण त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग न्यायालय स्वीकारतं. पुरावा कायद्याचं हे जुनं २७वं कलम; आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३व्या कलमात गेलं आहे. एका आरोपीनं कुटाराच्या ढिगात लपवलेली कुऱ्हाड काढून दिली, असा पंचनामा होता. त्यावर दोन पंचांच्या सह्या. त्यातल्या एकाच्या साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. सरकारी वकिलांनी कागद दाखवला. पंचानं तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"सई माहीच हाय साहेब," तो म्हणाला. "पन कागद कोराच होता."

दुसऱ्याचंही तेच. दोघे फितूर जाहीर झाले, उलटतपास झाला, त्यातून काही निघालं नाही. त्यात रासायनिक तपासणीचा सी.ए. रिपोर्ट आला : पात्यावरचं रक्त मानवी, गट निश्चित करता आला नाही. कुऱ्हाड सापडली खरी, पण ती कुणी काढून दिली आणि तिच्यावरचं रक्त कुणाचं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं हवेत राहिली.

पंच खोटं का बोलला, किंवा तो खरंच बोलला का, हे मला ठाऊक नाही आणि अंदाज मी छापत नाही. एवढं मात्र दिसतं की, त्या दिवशी साक्ष संपवून तो ज्या गावात परतला, तिथे दोन्ही घरं आहेत, एकच पिठाची गिरणी आहे आणि शेतावर जायची वाटही एकच आहे. नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५प्रमाणे, झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. सात वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकानं घटनास्थळी जावं, अशीही तरतूद आली आहे. हळूहळू पंचाच्या डोक्यावरचं ओझं कमी होईलही. हा गुन्हा त्याआधीचा.

दुपारी ३.४५

तरुणाची आई आता गावात राहत नाही. अकोल्यात डाबकी रोडकडे लेकीच्या घरी असते. येतो म्हणून आधी कळवलं होतं. न कळवता कुणाच्या दुःखात शिरायचं नाही, हा माझा नियम. कॅमेरा काढायचा नाही आणि त्यांनी स्वतः नाव घेतल्याशिवाय आरोपींचं नाव आपण घ्यायचं नाही, हे आणखी दोन.

"थे सुटले म्हनतात, भाऊ," त्या म्हणाल्या. "मंग माह्या पोराले मारलं कोनं?"

"ते कोर्टाला कळलं नाही, काकू."

"कागदात काय लिवलं हाय थे वाचून दाखवा."

निकाल हाती असलेला मी बहुधा पहिलाच माणूस त्यांच्या दारात आलो होतो. मी वाचत गेलो, कठीण शब्द सोडवत. त्यांची साक्ष आली तेव्हा थांबलो. पोरगा किती वाजता निघाला, डब्यात काय होतं, धुऱ्यावरून आदल्या आठवड्यात काय बोलाचाली झाली, हे त्यांनी सांगितलं होतं. न्यायाधीशांनी ती साक्ष स्वाभाविक आणि विश्वासार्ह मानली होती.

"तुमचं म्हणणं खरं धरलंय कोर्टानं."

"खरं धरलं ना? मंग?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक माहिती मात्र होती. आरोपी सुटले की अपील सरकारनंच करायचं, असं लोक धरून चालतात. तसं नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत ३१ डिसेंबर २००९पासून दुरुस्ती लागू झाली आणि पीडिताला, म्हणजे मृताच्या वारसालाही, सुटकेविरुद्ध स्वतः अपील करता येऊ लागलं. नव्या संहितेतही तो हक्क कलम ४१३मध्ये कायम आहे. अपील नागपूर खंडपीठात. आणि १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मागता येतो. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

लेखकानं सांगावं का? तटस्थ राहावं असं मानणारे सहकारी मला माहीत आहेत आणि त्यांचं म्हणणं सरसकट चुकीचं नाही. मी सल्ला दिला नाही. अपील करा म्हटलं नाही, जिंकाल असं तर नाहीच. असा हक्क आहे आणि अमुक ठिकाणी विचारायचं, एवढं सांगितलं. ज्या घरातून मी गोष्ट घेऊन जाणार, त्या घराला त्यांच्याच कागदातला मजकूर कळू न देणं मला जमणारं नव्हतं.

संध्याकाळी ५.४५

अकोल्याहून बडनेऱ्याची गाडी. खिडकीत जागा मिळाली, की टिपणं पक्की करायची, कारण ऐकलेलं वाक्य रात्रीपर्यंत आपल्या भाषेत वळायला लागतं. अवतरणचिन्हात घालायचं असेल, तर ते त्याच दिवशी.

या प्रकारातलं सगळ्यांत प्रसिद्ध पुस्तक ट्रुमन कपोटीचं 'इन कोल्ड ब्लड', १९६६चं. कॅन्सास राज्यातल्या गव्हाच्या मुलखात १९५९ साली एका शेतकरी कुटुंबातल्या चौघांचा खून झाला, त्यावरचं. सगळं खरं असल्याचा दावा त्यानं केला. पण शेवटचा स्मशानातला हृद्य प्रसंग त्यानं रचलेला होता, हे पुढे उघड झालं. कपोटी न्यूयॉर्कला राहत होता. इथे मी असा प्रसंग रचला, तर ज्याच्यावर रचला तो मला मूर्तिजापूरच्या फलाटावर भेटेल. आमच्यासारख्या गावात राहून लिहिण्याचा जाच आहे तसा हा फायदाही आहे.

कायद्याची चौकटही रोज डोळ्यांपुढे ठेवावी लागते. ऑटो शंकर या तमिळनाडूतल्या फाशीच्या कैद्याच्या आत्मकथेवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९४ साली सांगितलं की, न्यायालयाच्या नोंदींसह सार्वजनिक दप्तरात जे आहे, ते कुणाच्या परवानगीविना छापता येतं. आमच्या धंद्याचा परवाना म्हणावा तो हाच निकाल. मर्यादाही त्यातच आहे : दप्तराच्या बाहेर पाऊल टाकलं की जबाबदारी तुमची. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख न्याय संहितेच्या कलम ७२नं झाकलेली. गुन्ह्यात सापडलेल्या, बळी पडलेल्या किंवा साक्ष दिलेल्या मुलांची ओळख बाल न्याय कायद्याच्या कलम ७४नं. छोट्या गावात नाव गाळून भागत नाही. गल्ली, शाळा, बापाचा धंदा, यांतलं एक जरी राहिलं तरी सगळं गाव ओळखतं.

रात्री ८.३०

जेवण आटोपून टेबलावर. या लेखनावर घर चालतं का, तर एकट्या या लेखनावर नाही. रविवारच्या पुरवणीतला कॉलम, दिवाळी अंकांचं मानधन, अधूनमधून एखादं पुस्तक आणि बाकी अनुवादाची कामं. २०२४ साली पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पुस्तकावरून 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली, तेव्हापासून मुंबईहून फोन येतात : "तुमच्याकडे असं काही आहे का?" असं म्हणजे नरबळी, गुप्तधन, मांत्रिक. मी धुऱ्याचं सांगायला लागलो, की पलीकडे उत्साह ओसरतो. जमिनीचा वाद त्यांना दिसायला साधा वाटतो.

आज टेबलावर तीन रकाने आखले. पहिल्यात सिद्ध झालेलं, दुसऱ्यात साक्षीत आलेलं पण न्यायालयानं न स्वीकारलेलं, तिसऱ्यात गाव जे बोलतं ते. तिसरा रकाना सर्वांत लांब आणि सर्वांत चटकदार. त्यातलं एकही वाक्य जाणार नाही. दुसऱ्यातलं जाईल, ते 'असे साक्षीत आले. न्यायालयाने ग्राह्य धरले नाही' अशा जोडशेपटीसह. सुटलेली तिघं माझ्या लेखात आरोपी होती असं येईल, खुनी होती असं सुचवणारं विशेषणही येणार नाही. वाचकाला ही कंजुषी वाटते. पण न्यायालयाला जे जमलं नाही, ते मी पुरवणीच्या दीड पानात करून दाखवावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

रात्री १०.१०

संपादकांचा फोन. रविवारच्या पानाला मजकूर हवा आहे, मथळा त्यांनी सुचवून ठेवला आहे आणि त्यात 'थरार' हा शब्द आहे.

"देतो म्हणालो होतो, पण थांबावं लागेल," मी म्हटलं. "अपील होण्याची शक्यता आहे."

"अहो, सुटले ना ते? प्रकरण संपलं."

"सेशनला संपलं. नागपूरला अजून गेलंच नाही."

थोडी कुरकुर झाली. त्या जागी काय द्यायचं, यावर बोलणं आलं. विनापरवाना सावकारीच्या तक्रारींचं पुढे काय होतं, यावर माझ्याकडे जिल्हा उपनिबंधक कार्यालयाच्या कागदांचा अर्धा लेख तयार आहे. तो शनिवारपर्यंत पुरा करून द्यायचं ठरलं. त्यासाठी सकाळच्या त्या भावाला फोन करायचा, पण तेरवीच्या आधी नाही.

वहीत उद्याचं लिहिलं. अकोल्याच्या काकूंच्या लेकीचा निरोप आहे : सकाळी अकराला त्या दोघी निकालाची नक्कल घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाणार आहेत. मी सोबत जाणार नाही; तिथलं काम त्यांचं आणि वकिलाचं. अपील दाखल झालं, तर त्याचा क्रमांक मिळवायचा आणि तारखा लावून घ्यायच्या. झालं नाही, तर का झालं नाही, ते त्यांना विचारून लेखात घालायचं. दोन्हींपैकी एक कळेपर्यंत धुऱ्याची फाइल कपाटात राहील.